भेरूघाट, दुसरा गिअर आणि हवेच्या नळ्या : ट्रकसाठी इनटेक मॅनिफोल्ड निवडताना

खंडव्याकडून कांदा भरून इंदूरच्या चोइथराम मंडीला निघालेला ट्रक बडवाह ओलांडतो, चोरलपर्यंत मजेत येतो आणि मग भेरूघाट लागतो. इंदूरच्या माझ्या गॅरेजात येणाऱ्या तक्रारींमधली सगळ्यात जुनी तक्रार या घाटाची. "दादा, सपाटीवर गाडी पळते हो, पण घाटात दुसऱ्यावर उचलतच नाही. पहिला टाकावा लागतो." हल्ली त्याच्या पाठोपाठ आणखी एक वाक्य येतं : "व्हिडिओत बघितलं, मोठा मॅनिफोल्ड टाकला की टॉर्क वाढतो. टाकू या का आपण?"

मॅनिफोल्ड म्हणजे फिल्टरकडून आलेली हवा एका पेटीतून नळ्यांनी प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारा भाग, आणि टॉर्क म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर. मोठा मॅनिफोल्ड मी टाकून बघितलेला आहे. गाडी कांद्याचीच, चार सिलिंडरचं सीएनजी इंजिन होतं, टर्बो नव्हता. कंपनीच्या मॅनिफोल्डच्या नळ्या मला बारीक वाटल्या, म्हणून पन्नास मिलिमीटर व्यासाच्या पाइपाचा, ऐसपैस पेटीचा मॅनिफोल्ड स्वतः वेल्डिंग करून बनवला. तीन रविवार गेले. बायपासवर गाडी अशी निघाली की मालकाने तिथेच उतरून कचोरी खिलवली. दोन दिवसांनी त्याचा फोन आला तो भेरूघाटातून. मागे गाड्यांची रांग, हा पहिल्या गिअरमध्ये, आणि तोंडून जे येत होतं ते इथे लिहिता येणार नाही. मॅनिफोल्ड बदलायला कागदोपत्री परवानगी लागते याचा तेव्हा विचारही केला नव्हता, तो वेगळा गाढवपणा.

चूक कारागिरीत नव्हती, वेल्डिंग आजही बघण्यासारखं आहे. चूक अशी की इंजिन घाटात किती आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांनी, चालतं हे मोजायच्या आधीच मी पाइप कापायला घेतला. म्हणून खाली जे लिहितोय त्यात मॅनिफोल्ड बराच उशिरा येतो.

आधी बघा, इंजिन कुठलं आहे

रस्त्यावरचे बहुतेक ट्रक टर्बो डिझेल आहेत. तुमचा ट्रक त्यातलाच असेल, तर नवा मॅनिफोल्ड शोधायचं डोक्यातून काढा. टर्बो हवा दाबून भरतो. त्या दाबापुढे नळीची लांबी दहा सेंटिमीटर इकडेतिकडे झाली तरी फरक कळत नाही. बाराशे-पंधराशे आरपीएमवर टर्बो डिझेल किती ओढेल हे ठरतं टर्बोच्या मापावरून, डिझेल किती आणि कधी पडतं यावरून, आणि दाबलेली हवा वाटेत गळते की नाही यावरून. अशा गाडीला मॅनिफोल्डचं काम निघतं ते दुरुस्तीचं. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण दहातल्या आठ गाड्यांना तेच लागतं.

गाडी बीएस-६ असेल, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची, तर डिझेल असो की सीएनजी, मॅनिफोल्डला हात लावू नका. हवा किती शिरते याचा हिशोब ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमध्ये, त्या मॅनिफोल्डप्रमाणे भरलेला असतो. मॅनिफोल्ड बदलला की हिशोब खोटा ठरतो आणि चेक लाइट कायमचा मुक्कामाला येतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच : कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही. गाडी जुनी असली तरी आधी आरटीओत विचारा. विम्याचा दावा अडकतो तोही इथेच.

राहिली कोणती? टर्बो नसलेली जुनी पेट्रोल आणि सीएनजी इंजिनं, आणि शेतात, आवारात किंवा खदानीवर चालणारी जुनी यंत्रं. मॅनिफोल्ड निवडायची खरी मजा तिथे. त्यातही एक गंमत सांगतो. महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपमधल्या हरिकेन इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड हेडच्या ओतकामातच आहे. तो सुटा काढताच येत नाही, मग निवडणार काय? अशी जीप घेऊन कोणी आलं की मी चहा पाजतो आणि कार्बोरेटर उघडतो.

टायरवर खडूची खूण

कमी आरपीएमवरचा जोर, म्हणजे "लो एंड". पण कमी म्हणजे नक्की किती आरपीएम? ड्रायव्हरला विचारलं तर तो "खालीच" म्हणतो. आपल्याला आकडा हवा. टॅकोमीटर असेल तर प्रश्न मिटला. नसेल किंवा खोटं बोलत असेल, तर असं करा.

ट्रक भरलेला असताना मागच्या टायरवर आणि जमिनीवर एकाच जागी खडूने खूण करा. गाडी हळूच पुढे घ्या, टायरची खूण पुन्हा खाली आली की जमिनीवर दुसरी खूण करा आणि टेपने अंतर मोजा. रिकाम्या गाडीवर मोजू नका. भाराने टायर बसतो आणि आकडा बदलतो. समजा अंतर आलं २.६ मीटर. घाटात गाडी ताशी २० किलोमीटरवर रखडते, म्हणजे मिनिटाला ३३३ मीटर. भागाकार केला की चाकाचे १२८ फेरे. क्राउन-पिनियनचं (मागच्या धुरीवरच्या गिअरच्या जोडीचं) प्रमाण ४.५ असेल तर गुणून ५७७, आणि दुसऱ्या गिअरचं प्रमाण २.८ असेल तर इंजिन चालतंय साधारण १,६०० आरपीएमवर. दोन्ही प्रमाणं गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतात.

हा आकडा गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवा. माझ्या त्या दिमाखदार मॅनिफोल्डने सगळा जोर २,५०० च्या वर दिला होता. घाट चालला होता १,६०० वर.

हा हिशोब मांडला की आणखी एक गोष्ट उघडी पडते. मागचे टायर कोणी मोठ्या मापाचे टाकलेत का? क्राउन-पिनियन ४.१ चं आहे का? ४.१ च्या जागी ४.५ बसलं तर चाकावरचा जोर जवळजवळ दहा टक्के वाढतो, इंजिनाला हात न लावता. वरचा वेग तेवढाच कमी होतो, पण कांद्याच्या गाडीला ताशी शंभराची घाई नसते. साध्या मॅनिफोल्डकडून दहा टक्के काढणं फार कठीण आहे. हे मी गिऱ्हाइकाला आधी सांगतो, मग तो ठरवतो.

आणि हवामान विसरू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सहा टक्क्यांनी कमी. त्यात मे महिन्याची दुपार, ४३ अंश. २५ अंशांच्या मानाने हवा आणखी साडेपाच-सहा टक्क्यांनी विरळ होते. दोन्ही मिळून टर्बो नसलेल्या इंजिनाला अकरा-बारा टक्के हवा कमी मिळते. "जानेवारीत गाडी बरी होती" ही तक्रार नसून नुसतं भौतिकशास्त्र आहे. एअर फिल्टरचं तोंड रेडिएटरच्या मागची गरम हवा ओढत असेल तर ते आधी बाहेर काढा. हवा दर तीन अंशांनी थंड झाली की एक टक्का जास्त भरते. पाच फूट पाइप आणि दोन क्लॅम्पचं काम आहे.

टर्बो डिझेल : नवा घेऊ नका, जुना उघडा

गेल्या पावसाळ्याआधी एक मध्यम ट्रक आला. काळा धूर, पिकअप नाही, घाटात मेलेला. नोझल आणि पंप दुसरीकडे आधीच करून झालेले, पैसे गेलेले. मी मॅनिफोल्ड खोलला आणि आतून टॉर्च मारला. भोक अंगठ्याएवढंच उरलेलं. भिंतीवर डांबरासारखा काळा थर, बोट लावलं तर चिकट, नखाने खरवडलं तर पापुद्रा निघतो. ईजीआरमधून (जळका धूर थोडा परत इंजिनात सोडणारी वाट) येणारी काजळी आणि क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या, वाफेबरोबर येणारं तेल मिळून हा गिलावा तयार होतो. ५० मिलिमीटरच्या भोकात सगळीकडून सहा मिलिमीटर थर बसला तर व्यास उरतो ३८ आणि वाट उरते जेमतेम ५८ टक्के.

साफ करायचा तर इंजिनवरून उतरवूनच. जागेवर खरवडलं तर पापुद्रे आत पडतात आणि व्हॉल्व्हखाली अडकतात. उतरवल्यावर हेडच्या तोंडांत स्वच्छ कापड कोंबा आणि किती बोळे कोंबले ते मोजून ठेवा. एक बोळा आत राहिल्याची गोष्ट मी ऐकलेली आहे, खर्चासकट. मॅनिफोल्ड रात्रभर रॉकेलात किंवा डिझेलात भिजवा, लाकडी पट्टीने आणि नायलॉनच्या ब्रशने काढा. पोरं कॉस्टिक सोड्याचा डबा घेऊन येतात, त्यांना थांबवा. ॲल्युमिनिअमला कॉस्टिक खातं. बिडाच्या मॅनिफोल्डला चालतं, पण आपल्याकडे हल्ली बीड राहिलंय कुठे?

गिलावा काढला आणि ईजीआर व्हॉल्व्ह तसाच अडकलेला ठेवला, तर वर्षभरात पुन्हा तेच. तो उघडा अडकला की कमी आरपीएमवर ताज्या हवेच्या जागी जळका धूर शिरतो, आणि ऐन घाटातच गाडी हवेला मोताद होते. व्हॉल्व्ह साफ करा, नाहीतर बदला. पत्र्याची टिकली मारून बंद करणारे उस्ताद आहेत. मी ते काम घेत नाही : बेकायदा आहे, आणि नव्या गाड्यांत ईसीयू लगेच पकडतो.

मग गळती. टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी), इंटरकूलरपासून मॅनिफोल्ड, या वाटेवर चार-सहा रबरी होज असतात. फाट बहुतेक वेळा होजच्या पोटाखाली असते, वरून दिसत नाही. टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर बसेल असा नायलॉनचा डट्टा खरादवाल्याकडून करून घ्या, त्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि एक गेज बसवा. क्लॅम्प घट्ट आवळा आणि रेग्युलेटर लावूनच हवा सोडा. एक बारच्या वर जायचं नाही. रेग्युलेटर नसेल तर हे करूच नका, आणि हवा चढत असताना डट्ट्यासमोर उभं राहू नका. तो सुटला तर गोळीसारखा येतो. ऑइलचं झाकण उघडं ठेवा, कारण उघड्या व्हॉल्व्हमधून थोडी हवा क्रँककेसमध्ये उतरणारच. आता साबणाचं पाणी ब्रशने सगळ्या सांध्यांवर, होजच्या खालून, इंटरकूलरच्या कोपऱ्यांवर आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर फिरवा. फेस आला तिथे गळती. हा ट्रक दोन जागी फेसाळला. नवा होज, नवं गॅस्केट, साफ मॅनिफोल्ड. मालक पुन्हा आला तो पोहे घेऊन.

नळीची जाडी : सगळा खेळ वेगाचा

आता टर्बो नसलेलं इंजिन, जिथे खरंच निवड करायची आहे.

इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन खाली पोचल्यावर लगेच बंद होत नाही. पिस्टन वर यायला लागला तरी तो थोडा वेळ उघडाच असतो, चाळीस-पन्नास अंश तरी. या वेळात काय होतं ते नळीतल्या हवेच्या वेगावर आहे. रात्री अकराला इंदूरच्या सराफ्यात, त्या खाऊगल्लीच्या बोळात शिरून बघा. मागून येणारा लोंढा तुम्हाला थांबूच देत नाही, समोर जागा नसली तरी चार माणसं आणखी आत ढकलली जातात. तीच माणसं राजवाड्यासमोरच्या मोकळ्या चौकात निवांत उभी राहतात, हवं तेव्हा मागे फिरतात. बारीक नळी म्हणजे सराफ्याचा बोळ. वेगात आलेली हवा पिस्टन वर येत असतानाही आत घुसत राहते. जाड नळीत ती रेंगाळते आणि पिस्टन तिला उलट बाहेर ढकलतो. भरलेला माल परत गेला की टॉर्कही गेला.

हिशोब सोपा आहे. पिस्टनचा सरासरी वेग काढा आणि त्याला बोअरचं (सिलिंडरच्या भोकाचं) क्षेत्रफळ भागिले नळीचं क्षेत्रफळ याने गुणा. बोअर १०० आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, १२० मिलिमीटर धरा. १,६०० आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ६.४ मीटर येतो. नळी ५० मिलिमीटरची असेल तर क्षेत्रफळांचं प्रमाण चार, म्हणून हवेचा वेग साधारण २६ मीटर. नळी ४० ची केली तर प्रमाण सव्वासहा आणि वेग ४० मीटर. वेग दीडपटीहून थोडाच वाढला, पण किलोमागे हवेतली गतीची ऊर्जा वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ अडीचपट. बायपासवरची कचोरी आणि घाटातल्या शिव्या, दोन्ही या अडीचपटीत आहेत.

मग ३० ची नळी का नको? कारण वरच्या टोकालाही गाडी चालवायची असते. याच इंजिनात २,८०० आरपीएमला ४० च्या नळीत वेग ७० मीटर होतो, ३६ च्या नळीत ८६. वेग फार झाला की नळी घसा आवळते आणि वरचा जोर मरतो. माझा ठोकताळा असा : ज्या आरपीएमच्या वर ड्रायव्हर जातच नाही, तिथे ७० ते ८० च्या मध्ये वेग यावा. त्यावरून नळीचा व्यास काढा आणि मग घाटाच्या आरपीएमला ३५ च्या खाली जात नाही ना, ते तपासा. दोन्ही जुळत नसतील तर घाटाचं ऐका.

नळी व्हॉल्व्हकडे किंचित निमुळती असली तर उत्तम. पेटीतून नळीत शिरताना तोंड कर्ण्यासारखं गोल हवं. ४० च्या नळीला निदान १० मिलिमीटरची गोलाई द्या. तिथे धारदार कड ठेवून बाकी नळी आरशासारखी घासणारे कारागीर मी पाहिलेत. आरशाचा उपयोग दाढी करायला. कार्बोरेटरच्या इंजिनात तर उलट नुकसान होतं, गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचा ओघळ धरतो. साध्या कानशीचा खडबडीतपणा राहू द्या.

लांबीबद्दल थोडं खरं

कॅटलॉगात "लांब रनर म्हणजे लो एंड टॉर्क" असं लिहिलेलं असतं, रनर म्हणजे आपली नळीच. दिशा बरोबर आहे, पण किती लांब, हे कोणी सांगत नाही. पिस्टनने ओढ घेतली की दाब कमी असलेली एक लाट नळीतून पेटीकडे जाते, तिथून उलटून दाबाची लाट होऊन परत येते. ती व्हॉल्व्ह बंद व्हायच्या बेतात पोचली तर हवा आत ढकलते. या येण्याजाण्याला क्रँकचे ९० अंश धरू. लाट सेकंदाला सुमारे ३५० मीटर पळते. १,६०० आरपीएमवर ९० अंश म्हणजे ९.४ मिलिसेकंद, तेवढ्यात ३.३ मीटर. जाऊन-येऊन, म्हणून नळी हवी १.६ मीटर. एवढी नळी बॉनेटखाली कुठे ठेवणार, स्पेअर व्हीलला गुंडाळून?

हे जमवून दाखवलेले लोक आहेत. क्रायस्लरने १९६० साली ३०० एफ गाडीच्या व्ही-८ इंजिनाला तीस इंची नळ्या लावल्या, इंजिनाच्या एका बाजूचा कार्बोरेटर दुसऱ्या बाजूच्या सिलिंडरांना पुरवठा करायचा. टॉर्कचा कळस २,८०० आरपीएमला आला. तीस इंचांतही १,६०० गाठता आलं नाही, हे लक्षात घ्या.

म्हणून घाटाच्या गाडीत मी व्हॉल्व्हपासून मोजून ४५ ते ६० सेंटिमीटर नळी धरतो, हेडमधली वाटही त्यातच. त्याहून लांबीच्या मागे लागत नाही. लाटेचा फायदा वरच्या आरपीएमला मिळेल तेवढा मिळो, खालचं काम वेगाने करायचं.

खालच्या आरपीएमला लाटेपेक्षा पेटी आणि तिला हवा आणणारा पाइप जास्त कामाला येतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका सुरात घुमते, तसंच हे. चार लिटरची पोकळी आणि ६० मिलिमीटर जाड, ८० सेंटिमीटर लांब पाइप यांचा सूर सेकंदाला ५२ च्या आसपास येतो. चार सिलिंडरचं इंजिन १,६०० आरपीएमला सेकंदाला ५३ वेळा हवा ओढतं. ठोका जुळला. या चार लिटरमध्ये पेटी तीन लिटरची, बाकी नळ्या आणि उघड्या सिलिंडरचा वाटा. इंजिन पावणेचार लिटरचं असेल तर तीन लिटरची पेटी पुरे, हौस म्हणून मोठी करू नका. फिल्टरपासूनचा पाइप आखूड आणि जाड करायचा मोहही इथेच आवरायचा. चार सिलिंडरांत या ठोक्याचा जोर बेताचाच असतो. सहा सिलिंडरांत तो खुलतो, कारण १-५-३-६-२-४ या क्रमात पहिले तीन आणि मागचे तीन असे दोन गट पाडले की प्रत्येक गट बरोबर २४० अंशांनी हवा ओढतो, एकमेकांच्या पायात पाय न घालता. सहाचं इंजिन असेल आणि दोन पेट्यांचा मॅनिफोल्ड मिळत असेल तर तोच घ्या.

अमेरिकन व्ही-८ चे व्हिडिओ बघून येणाऱ्यांसाठी एवढंच : तिथे निवड ड्युअल-प्लेन आणि सिंगल-प्लेन यांच्यात असते. ड्युअल-प्लेनमध्ये कार्बोरेटरचा अर्धा भाग एक सोडून एक सिलिंडरला पुरवतो, ओढ ठसठशीत राहते, खाली जोर मिळतो. एडेलब्रॉक परफॉर्मर हा त्यातला साधा नमुना, आयडलपासून ५,५०० आरपीएमपर्यंतचा. सिंगल-प्लेन रेसवाल्यांचा. आपल्या पिथमपूरच्या ट्रकशी दोन्हींचा काही संबंध नाही.

सीएनजी असेल तर

सीएनजी म्हणजे बहुतांश मिथेन. एक भाग मिथेन पूर्ण जळायला साडेनऊ भाग हवा लागते. म्हणजे सिलिंडरात शिरणाऱ्या दर शंभर भागांत साडेनऊ भाग जागा गॅसच खातो. पेट्रोलची वाफ दोन भागांच्या आसपास खाते. सीएनजीवर गाडी मऊ वाटते त्याचं मोठं कारण हे, मॅनिफोल्डचा त्यात दोष नाही.

मिक्सरवाली (हवेच्या वाटेतच गॅस मिसळणारी) जुनी किट असेल तर घसा आवळणारी जागा मिक्सर असतो. मॅनिफोल्ड बदलण्याआधी मिक्सरच्या गळ्याचा व्यास कॅलिपरने मोजा. इंजिन मोठं आणि मिक्सर छोट्या गाडीचा, असं मी दोनदा पाहिलंय. मिक्सरमध्ये आणखी एक धोका आहे : पूर्ण मॅनिफोल्ड गॅसच्या मिश्रणाने भरलेला असतो. उलटा भडका झाला तर प्लास्टिकचा मॅनिफोल्ड फुटतो, शब्दशः फुटतो. मिक्सर असेल तर मॅनिफोल्ड धातूचाच हवा. इंजेक्टरवाली किट असेल तर गॅसच्या टोच्या (नोझल) व्हॉल्व्हच्या जितक्या जवळ तितक्या बऱ्या, तोंड व्हॉल्व्हकडे तिरकं, आणि इंजेक्टरपासून टोचीपर्यंतचे होज चारही एका लांबीचे. एक होज वीस सेंटिमीटरचा आणि एक पन्नासचा, असं लावलं की चार सिलिंडर चार चालींनी चालतात.

विकत घेताना आणि बसवताना

भंगारातून घेणार असाल तर सोबत सरळ पट्टी आणि फीलर गेज न्या. मॅनिफोल्डच्या तोंडावर पट्टी उभी ठेवा. ०.१ मिलिमीटरचं पान कुठे सरकलं तर तो आधी सरफेस करून घ्यावा लागेल, ते भावात धरा. नळ्यांच्या मुळाशी वेल्डिंगच्या खुणा असतील तर ठेवून द्या, परत या.

हेडशी जुळवताना मॅनिफोल्डचं भोक हेडच्या भोकापेक्षा केसभर लहान असलेलं चालतं, उलट थोडा फायदाच, परतणाऱ्या हवेला पायरी अडवते. मॅनिफोल्डचं भोक मोठं आणि हेडचं लहान असेल तर मात्र येणारी हवा थेट भिंतीवर आपटते. तिथे कानस चालवायचीच, पण हेडला, आणि भुगा व्हॉल्व्हवर पडू न देता. गॅस्केट दोन्हीकडून लावून बघा, कड वाटेत डोकावता कामा नये.

बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत आवळा. मॅन्युअलचा आकडा हाती नसेल तर ॲल्युमिनिअममधल्या ८ मिलिमीटर बोल्टला २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क पाना नसेल तर मागून आणा. "हाताला कळतं" म्हणणाऱ्या हातांनी तोडलेल्या स्टडची माझ्याकडे बरणी भरलेली आहे.

इंजिन सुरू करून आयडलवर सांध्याला साबणाचं पाणी लावा. इथे फेस येणार नाही, उलट पाणी आत ओढलं जाईल आणि आयडल हलेल, म्हणजे गॅस्केटमधून हवा शिरते आहे. मग इन्फ्रारेड गनने प्रत्येक एक्झॉस्ट तोंडाचं तापमान घ्या. एखादं तोंड बाकीच्यांपेक्षा खूपच वेगळं असेल, तर त्या सिलिंडरला हवा किंवा गॅस नीट मिळत नाही.

घाटावरच तपासा

गॅरेजच्या गल्लीत रेस देऊन काही कळत नाही. जुना मॅनिफोल्ड असतानाच गाडी काट्यावर चढवा, वजन लिहा. भेरूघाटात दोन ठरलेल्या खुणा घ्या, एक पूल आणि एक मैलाचा दगड असं काहीही. पहाटे, गर्दीच्या आधी, त्याच गिअरमध्ये, पूर्ण ॲक्सिलेटरवर तीन फेऱ्या करा. बाजूला बसलेल्याने वेळ मोजावी, ड्रायव्हरने नाही. मग मॅनिफोल्ड बदला आणि तेच वजन, तीच पहाट, तोच ड्रायव्हर. जमलं तर जुना परत बसवून तिसऱ्यांदा मोजा. कंटाळवाणं आहे, पण नव्या सामानाचा आवाज बदलतो, आणि आवाज बदलला की ड्रायव्हरला गाडी पळाल्यासारखी वाटतेच.

त्या कांद्याच्या गाडीवर शेवटी ४० मिलिमीटरच्या, अर्धा मीटर लांब नळ्यांचा मॅनिफोल्ड बसला, या वेळी आरटीओत विचारून. पेटी लहान, फिल्टरचा पाइप जुनाच. दोन खुणांमध्ये दुसरा गिअर टिकला. बायपासवर मात्र पहिल्यासारखी पळत नाही, असं मालक आजही ऐकवतो. पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळायला ये म्हटलं होतं, तो दोन हजारांवर आला. मधले दोन बोल्ट सैल होते.